उद्याची कोय

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : लहान भावंडांचा समेट आणि मोठ्यांचे दावे

राहत्या घरावरून सख्ख्या भावांत दावा लागल्याची बातमी आली, की ‘आता रक्ताची नातीसुद्धा उरली नाहीत’ हा सूर हटकून लागतो. मला तो पटत नाही. नाते बहुतेक वेळा उरलेले असते. ते लहानपणी कोणत्या युक्तीने चालत होते याची आठवण मात्र कोणी ठेवलेली नसते. गिरणगावातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या चाळीच्या पुनर्विकास समितीतले कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे दिवसा वारसांची भांडणे आणि संध्याकाळी गॅलरीतल्या पोरांची भांडणे, असे दोन्ही माझ्या कानावर पडते. या दोन भांडणांच्या शेवटात जो फरक दिसतो, त्याविषयी हे पत्र आहे.

आधी मोठ्यांचे सांगते. आमची इमारत पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहण्याची, आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतल्या विनियम 33(7) प्रमाणे अशा इमारतीतल्या निवासी भाडेकरूला पुनर्विकासात किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते, आणि तेही मालकीचे. म्हणजे ज्या दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, चार भावंडे आणि गावाहून नोकरीसाठी आलेला एखादा काका दाटीवाटीने राहिले, जिथे रात्री झोपताना कोणाचे पाय कोणाच्या डोक्याशी येतात याचा हिशोब करून अंथरुणे पडत, तिच्या जागी लाखोंचा आकडा उभा राहतो. मोठा भाऊ लग्नानंतर डोंबिवलीला गेलेला असतो, बहीण विरारला दिलेली असते, धाकटा वडिलांजवळ राहिलेला असतो. धाकटा म्हणतो, आईवडिलांचे शेवटचे आजारपण मी काढले. मोठा म्हणतो, माझ्या पगारातून पागडीचे कर्ज फिटले आणि तुझे शिक्षण झाले. दोघांचेही खरे असते, म्हणूनच ते मिटत नाही. बहीण बहुधा काहीच म्हणत नाही, कारण तिला कोणी विचारलेले नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरू वारल्यावर राहत्या जागेचा भाडेहक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, आणि तसे कोणी नसल्यास वारसाकडे जातो; नेमका कोणाकडे यावर एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. या तरतुदीतला क्रम बघण्यासारखा आहे. कायद्याने आधी एकमत धरले आहे आणि न्यायालय मागाहून. आमच्याकडे येणारे वारस मात्र पहिल्या बैठकीलाच नोटिशीची प्रत खिशात घालून येतात.

आता गॅलरीतले. मे महिन्यात आमच्या मजल्यावरच्या एका घरी गावाहून हापूसची पेटी आली. पिकेल तसा एकेक आंबा त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आणि सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येई. आई आंबा कापून ताटली बाहेर देत असे. दोन बाजूंच्या दोन कापांचा प्रश्न नव्हता, ते एकेकाला एकेक. वाद होता कोयीचा, कारण कोय एकच आणि ती चोखायला मिळणे हा मोठा मान. पहिल्या दिवशी ओढाओढी झाली, ताटली घसरत जिन्यापर्यंत गेली, मुलाने बहिणीच्या दंडाचा कडकडून चावा घेतला आणि आईने आतून ओरडून सांगितले, की आता दोघांनाही काही मिळणार नाही. ती धमकी ऐकताच दोघे एकदम एका पक्षाचे झाले. मुलगी हळू आवाजात म्हणाली, “आज तू घे. उद्याची कोय माझी.” मुलगा व्यवहाराला पक्का. त्याने विचारले, “आणि उद्या आंबा पिकलाच नाही तर?” ती म्हणाली, “मग परवा.” त्याला ते पटले. चोखून चोखून कोय पांढरी व्हायला आली तेव्हा त्याने ती आपणहून तिच्यापुढे धरली आणि तिनेही ‘नको’ म्हटले नाही. दंडावरचा दातांचा वळ तोवर तसाच होता.

इथे कोणी माफी मागितली नाही, कोणी मागायला लावली नाही. सुरुवात कोणी केली याची चौकशीही झाली नाही. वस्तूचे दोन तुकडे होत नाहीत म्हटल्यावर मुलीने दिवस वाटून घेतले. या वाटणीला हमी कसली, तर उद्याही आपण दोघे याच ताटलीपाशी बसणार आहोत, एवढीच. मोठ्यांच्या बैठकीत नेमके हेच गृहीत सुटलेले असते. ‘एकदाच काय ते मिटवून टाका’ हे वाक्य मी इतक्या वारसांच्या तोंडून ऐकले आहे, की ते ऐकल्यावर समोरच्याला घर हवे आहे की यापुढे भावाचे तोंड बघायला नको आहे, असा प्रश्न मला पडतो. मुलांना निकाल नको असतो. निकाल लागला की एक जण हरतो, आणि हरलेला भिडू पुढच्या डावाला येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आळीपाळीचे हे शहाणपण मोठ्यांना परके आहे असे मात्र नाही. आमच्या चाळीतली पुष्कळशी कुटुंबे कोकणातली. त्यांच्या गावच्या सातबाऱ्यावर आजही भावांची नावे सामाईक असतात. मूळ घरातल्या गणपतीचा खर्च भावाभावांत वर्षाआड फिरतो. कलमांचे उत्पन्न एक साल तुझे, एक साल माझे, असे तोंडी ठरलेले असते. घाटावरच्या मंडळींच्या विहिरीला पाण्याच्या बाऱ्या लागलेल्या असतात. यावरून तंटे होत नाहीत असे मुळीच नाही, चांगले डोकी फुटेपर्यंत होतात. तरी ज्याचे साल बुडाले त्याला पुढच्या सालाकडे डोळे लावून बसता येते. मुंबईच्या खोलीला असे साल नसते, ही अडचण खरी आहे, आणि 300 चौरस फुटांत बाऱ्या कशा लावायच्या असे कोणी विचारले तर घराच्या लावता येत नाहीत हेही मान्य. पण पुनर्विकासात घराबरोबर आणखी काही येत असते. इमारत पाडल्यापासून नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत विकासक दरमहा भाडे देतो, कॉर्पसची, म्हणजे पुढच्या देखभालीसाठीची एकरकमी, रक्कम देतो. हे पैसे कोणाला, कोणत्या क्रमाने आणि किती वर्षांत, असे भावंडांनी बसून ठरवले तर घर एकाच्या नावावर होऊनही बाकीचे रिकाम्या हाताने परतत नाहीत. अशा हप्त्यांच्या तडजोडीला वकील मंडळी नाखूश असतात, कारण हप्ता चुकू शकतो. सहा वर्षांच्या मुलाने हीच शंका काढली होती.

शाळेत मी वर्षानुवर्षे पाहिलेली गोष्ट मात्र भांडणाची नाही, सांत्वनाची आहे. जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला की एखादे मूल काही केल्या रडायचे थांबत नसे. बाईंनी समजूत घालून पाहायची, गोळी द्यायची, खिडकीतून लाल बस दाखवायची आणि सगळे फसले की चौथीच्या वर्गात निरोप धाडायचा. मग त्याची ताई यायची. तिने ‘काय झाले?’ असे विचारलेले मला आठवत नाही. बाकावर त्याला जरा सरकवून ती शेजारी बसायची, फ्रॉकच्या टोकाने त्याचा शेंबूड पुसायची, डब्याचे झाकण उघडून आत काय आहे ते त्याला नव्याने दाखवायची आणि झाकण लावून सरळ फळ्याकडे बघत राहायची. थोड्या वेळाने हुंदके आपोआप थांबत. आम्ही शिक्षिका, पदविका घेतलेल्या, प्रत्येक वेळी कारण विचारत बसायचो. आणि कारण विचारले की लहान मुलाचे रडे वाढते. मोठ्या माणसाचे काही वेगळे होते असे नाही, फक्त तो रडण्याऐवजी चिडतो.

हे नाते आपोआप असे होते का? माझ्या मते नाही, आणि याला अभ्यासाचाही आधार आहे. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे 40 कुटुंबांत, दुसरे मूल जन्मायच्या आधीपासून, घरी जाऊन पहिल्या मुलाचे वागणे पाहिले. त्यांचे निष्कर्ष 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत असे, त्याला भूक लागली असेल का, तो का रडत असेल, तुला काय वाटते, असे विचारत असे, त्या घरांतली भावंडे पुढे एकमेकांशी अधिक स्नेहाने वागताना आढळली. आपल्याकडे बाळ घरी आल्या दिवशी शेजारपाजारचे थोरल्याला काय सांगतात ते आठवून पाहावे. ‘आता तुझा भाव उतरला’, ‘आता आई बाळाची, तू आजीकडे जा’. थट्टा म्हणून म्हणतात, आणि तीन वर्षांच्या पोराचा चेहरा पडला की हसतात. ही थट्टा मला कधीच थट्टा वाटलेली नाही.

पुढे तुलना सुरू होते. गुणांची होते, रंगाचीही होते. पण मुंबईत मी पाहिलेली सर्वांत मोठी फूट शाळेच्या दारात पडते. एकाच घरातला मुलगा खासगी इंग्रजी शाळेत आणि मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत, ही वाटणी आमच्या भागात अनेक घरांनी केली. ऐपत एकाच फीची आहे, असे आईबाप सांगत, आणि त्यांचा नाइलाज मला दिसत असे. पण ती एक फी कोणासाठी, हे ठरवताना फारसा विचार झालेला नसे. त्या मुलाला बुटांचा जोड आणि व्हॅन, मुलीला चप्पल आणि पायी. आश्चर्य असे, की सुरुवातीची काही वर्षे भावंडांवर या फुटीचा काही परिणाम होत नसे. माझ्या वर्गातली एक मुलगी भावाच्या इंग्रजी कविता ऐकून ऐकून पाठ करून येई आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींना शिकवी. भाऊ तिच्याकडून पाढे घेई, कारण त्याच्या शाळेतले ‘टू टूज आर फोर’ त्याच्या जिभेवर बसत नव्हते. ‘तुझ्या शाळेत काय असते?’ असे पहिल्यांदा कोणा पाहुण्याने तुच्छतेने विचारले आणि भाऊ हसला, तेव्हापासून ती कविता शिकवायची थांबली. त्याला ते हसणे कोणी शिकवले हे सांगायला नको.

भावंडप्रेमाचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड होते, ती लिहिली नाही तर हे पत्र अर्धवट राहील. आमच्या गल्लीसमोरच्या जागेवर टॉवर उठतो आहे. तिथल्या मजूर कुटुंबातली सात-आठ वर्षांची मुलगी दिवसभर तान्ह्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगाऱ्याशी उभी असते. तिची कंबर एका बाजूला कलली आहे. येणारेजाणारे कौतुकाने तिला ‘छोटी आई’ म्हणतात, क्वचित कोणी फोटोही काढतो. तिच्या मायेत खोट नाही, परंतु ती शाळेत नाही आणि तिला खेळ नाही, यात कौतुक करण्यासारखे काय आहे? बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्यात, जिथे 50 हून अधिक स्त्रिया कामाला असतात तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सोय बंधनकारक केली होती. मोबाइल क्रेशेस या संस्थेने 1969 मध्ये दिल्लीत बांधकामांवरच पाळणाघरे सुरू केली आणि ते काम पुढे मुंबईतही आले, म्हणजे हे करता येते हेही सिद्ध आहे. प्रेम हे एका मुलाने दुसऱ्या मुलाला स्वखुशीने द्यायचे असते. ते सक्तीचे काम झाले की मोठेपणी त्याचाच हिशोब मांडला जातो. ‘मी तुम्हाला सांभाळले’ हे वाक्य आमच्या बैठकांत बहुधा घरातली थोरली बहीण बोलते, आणि ती बोलू लागली की दोघे भाऊ खाली बघतात.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. समजूतदारपणा शिकायचा तो मुलांकडून, आणि मुलांचा समजूतदारपणा हा एकतर्फी नसतो. गॅलरीतल्या त्या मुलीने कोय सोडून दिली नव्हती, उद्याच्या कोयीवर आपले नाव घातले होते. मोठेपणी मात्र बहिणीकडून अपेक्षा असते ती हक्कसोडपत्राची, आणि सही घेतली जाते ती पुष्कळदा वडिलांचे तेरावे उरकल्यावर, सगळे एकत्र आलेच आहेत म्हणून. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून तो देशभर लागू केला, आणि या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. पागडीच्या खोलीचे नियम वेगळे आहेत हे वर आलेच आहे. पण गावची जमीन, वडिलांची बचत, सोने यांबाबत बहिणीला आधी तिचा वाटा सांगावा, मग तिने तो घ्यायचा की सोडायचा ते तिचे तिला ठरवू द्यावे. भाऊबिजेला ओवाळणीच्या तबकात पाकीट टाकून हा हिशोब चुकता होत नाही.

ज्यांना भावंडच नाही अशा मुलांची संख्या आता वाढते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, 1.7 इतका आढळला. एकुलती एक मुले हट्टी किंवा एकलकोंडी होतात असे मी म्हणणार नाही, माझ्या वर्गात तसे दिसले नाही. त्यांना लागते ती एखादी सामाईक जागा, जिथे कोयीसाठी भांडावे लागेल. चाळीत ती गॅलरी होती. नव्या इमारतींत ‘मुलांनी पॅसेजमध्ये खेळू नये’ अशी पाटी लागते, ती काढली तरी बरेच काम होईल. मुले भांडली तर निवाडा करायला आईबापांनी लगेच बाहेर येऊ नये. रक्त निघेपर्यंत थांबा असे माझे म्हणणे नाही. पण आतून ऐकत राहावे आणि शक्य तितके आतच राहावे.

आमच्या समितीने गेल्या काही महिन्यांपासून एक पद्धत घातली आहे. वारसांची पहिली बैठक वकिलाविना होते आणि तिचे पत्र बहिणींच्या सासरच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जाते. बैठकीत प्रत्येकाने स्वतःचे सांगण्याआधी, दुसऱ्या भावंडाने या घरासाठी काय केले ते सांगायचे. पहिल्या कुटुंबातला मोठा भाऊ हे ऐकून उठून गेला आणि अद्याप परत आलेला नाही. दुसऱ्या कुटुंबात बराच वेळ कोणी तोंड उघडले नाही. मग धाकटा म्हणाला, की दादा रात्रपाळीहून आला की मला शाळेत सोडून मग झोपायचा. त्या दिवशी काही ठरले नाही, पण पुढच्या बैठकीची तारीख तिघांनी मिळून दिली. जिथे हेही जमत नाही तिथे आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतो. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोक अदालतीत नेता येते, तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. शिवाय स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, ही माहिती आमच्याकडे आलेल्या एकाही बहिणीला आधी नव्हती. मुंबईतल्या इतर पुनर्विकास समित्यांनी वारसांच्या बाबतीत काही वेगळे करून पाहिले असेल, तर त्यांनी ते आपल्या सदरातून कळवावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लालबाग, मुंबई